सिंगापूरहून बाताम-बिंतान: आधी उतरायचा धक्का ठरवा, मग बोट

सिंगापुरात नव्यानं आलेल्या मराठी घरात तीन-चार महिन्यांत एक प्रश्न हमखास निघतो. घर लागलेलं असतं, मुलांची शाळा सुरू झालेली असते, सेंटोसा आणि प्राणिसंग्रहालय बघून झालेलं असतं. मग एखाद्या जोडून सुट्टीच्या आधी फोन येतो, "ताई, बातामला जायचं म्हणतोय, कुठली फेरी घेऊ?" मी दर वेळी उलट विचारते, "तिकडं उतरून कुठं जायचंय?" यावर पलीकडं जरा शांतता पसरते, कारण बहुतेकांनी तोवर तिकिटांचे दर बघितलेले असतात, नकाशा बघितलेला नसतो.

माझं माहेर अलिबागचं. लहानपणी मुंबईहून परतताना भाऊचा धक्का गाठायचा की गेटवे, हे कुणाकडं उतरायचंय त्यावर ठरायचं. रेवसच्या बाजूला जायचं असेल तर भाऊचा धक्का, मांडव्याला जायचं असेल तर गेटवे. दोन्ही बोटी त्याच खाडीतून जातात, पण चुकीच्या धक्क्यावर उतरलं की पुढचा सगळा दिवस रस्त्यात जातो. सिंगापूर आणि इंडोनेशियाच्या मधल्या समुद्रालाही हेच लागू आहे. बाताम हे बेट सिंगापूरहून जेमतेम २० किलोमीटरवर आहे, पण त्याला आंतरराष्ट्रीय फेरी लागते असे धक्के चारपाच आहेत. शेजारच्या बिंतानला दोन मुख्य धक्के आहेत आणि त्या दोघांमध्ये गाडीचा तासाभराहून जास्त रस्ता आहे. म्हणून मार्ग निवडायचा तो पलीकडून अलीकडं.

पहिली पायरी: परत येता येईल ना, ते बघा

पण धक्क्याच्याही आधी एक गोष्ट. जाणं सोपं आहे. अडकायला होतं ते परत येताना.

मागं माझी मावशी आणि काका पुण्याहून महिनाभरासाठी आले होते. बातामची तिकिटं काढली, मावशीनं दशम्या करून ठेवल्या, आणि आदल्या रात्री बॅगा भरताना मी सहज त्यांच्या सिंगापूरच्या व्हिसाचा कागद पुन्हा वाचला. त्यावर सिंगल जर्नी लिहिलेलं होतं. म्हणजे विमानतळावर उतरले तेव्हाच तो व्हिसा वापरला गेला होता. बातामला गेले असते तर सिंगापुरात परत शिरायला नवा व्हिसा लागला असता, आणि परतीचं विमान तर सिंगापूरच्याच चांगी विमानतळावरून होतं. तिकिटांचे पैसे गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही चांगी पॉइंटवरून पुलाव उबिनला गेलो. ते सिंगापूरचंच बेट आहे, पासपोर्ट लागत नाही, बारा उतारू जमले की लाकडी बोट सुटते. मावशीला ते फार आवडलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नव्हती.

तेव्हा घरी आलेल्या पाहुण्यांना नेणार असाल तर त्यांचा व्हिसा मल्टिपल जर्नीचा आहे का, हे तिकीट काढायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. "भारतातून एजंटनं सगळं बघितलंय" यावर विसंबू नका.

नोकरीसाठी नुकतेच आलेल्यांसाठी आणखी एक. तुम्ही आयपीए पत्रावर, म्हणजे कामाच्या पासला तत्त्वतः मिळालेल्या मंजुरीवर, सिंगापुरात शिरला असाल तर त्या पत्रासोबतचा प्रवेश एकदाच वापरायचा असतो. तुमचा पास प्रत्यक्ष जारी झाल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकू नका. पास झाला की मोकळे.

इंडोनेशियाच्या बाजूनं भारतीय पासपोर्टला व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो. त्याचे ५,००,००० रुपिया (हे इंडोनेशियाचं चलन), म्हणजे पाच लाख, माणशी पडतात. तान्ह्या बाळालाही. मुदत ३० दिवसांची, पण प्रवेश एकच. पुढच्या महिन्यात परत गेलात तर परत पाच लाख. चौघांच्या घराला एका शनिवार-रविवारचे वीस लाख रुपिया नुसत्या व्हिसाचे होतात, आणि फेरीच्या तिकिटांइतकाच हा खर्च अंगावर येऊ शकतो. त्यामुळे "बातामला सकाळी जाऊन संध्याकाळी येऊ, स्वस्तात पडेल" हा हिशेब आपल्यासाठी जमत नाही. सिंगापूरच्या नागरिकांना हा व्हिसा लागत नाही. ऑफिसातले सहकारी सांगतात ते त्यांच्यापुरतं खरं असतं. आपण जायचं तर निदान एक रात्र राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाच व्हिसा घरबसल्या ऑनलाइनही काढता येतो. इंडोनेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावरूनच काढा. तसंच दिसणारी, मधल्यामध्ये जास्तीचे पैसे घेणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. ऑनलाइन मिळालेला व्हिसा ९० दिवसांच्या आत वापरायचा असतो. त्याशिवाय सीमाशुल्क आणि आरोग्याची माहिती भरायला २०२५ पासून 'ऑल इंडोनेशिया' नावाचा एकच ऑनलाइन फॉर्म आहे. तो पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा, फुकट असतो, आणि शेवटी मिळणारा क्यूआर कोड फोनमध्ये फोटो म्हणून साठवून ठेवायचा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, तिथंच बहुतेक आईवडील चुकतात.

दुसरी पायरी: उतरायचा धक्का

इथं घाई करू नका. सगळा खेळ इथंच आहे.

बाताम सेंटर हा सगळ्यात मोठा आणि वर्दळीचा धक्का. बोटी भरपूर, दिवसभर. बोटीतून उतरून इमिग्रेशन झालं की समोरच रस्त्यावरच्या पुलानं थेट मेगा मॉलमध्ये जाता येतं. पहिल्यांदाच जात असाल, लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील, तर डोळे झाकून हाच धक्का घ्या. बोट चुकली तर दुसरी असते, भूक लागली तर खायला असतं, पैसे बदलायला दुकानं असतात. ग्रॅब किंवा गोजेक ही ॲपवरची टॅक्सी बोलवायची तर ती मॉलच्या बाजूनं बोलवणं सोयीचं. धक्क्याच्या दारात स्थानिक टॅक्सीवाल्यांचा कब्जा असतो. सिंगापूरच्या हार्बरफ्रंट धक्क्यावरून इथं यायला तासभर लागतो.

हार्बर बे हा धक्का नागोया-जोदोह या जुन्या बाजारपेठेच्या जवळचा. नागोया हे बातामचं खरेदीचं ठिकाण. ज्यांना बाजार, मसाज, मासे खायची ठिकाणं हवी आहेत आणि गाडीत फार बसायचं नाही, त्यांनी इथं उतरावं. हॉटेल नागोयात घेतलं असेल आणि तिकीट दहा डॉलरनं स्वस्त म्हणून दुसऱ्या टोकाच्या धक्क्याचं काढलं, तर ते दहा डॉलर टॅक्सीत जातात.

सेकुपांग बेटाच्या वायव्येला आहे. पर्यटक इथं कमी दिसतात. याच्या शेजारीच देशांतर्गत बोटींचा धक्का आहे, तिथून सुमात्राच्या किनाऱ्याकडं आणि करिमून बेटाकडं बोटी जातात. पुढं सुमात्रात शिरायचं असेल तर हा धक्का खरा. नुसत्या सुट्टीसाठी गेलात तर उगाच लांब पडेल.

नोंगसापुरा ईशान्येच्या टोकाला. इथं रिसॉर्ट, गोल्फची मैदानं, किनाऱ्यावर शांतता. सिंगापूरच्या तानाह मेराह धक्क्यावरून ४० मिनिटांच्या आसपास, म्हणजे सगळ्यात छोटी फेरी. रिसॉर्टची गाडी धक्क्यावर न्यायला येते. पण एकदा तिथं उतरलात की शहर अर्ध्या-पाऊण तासावर. मुलं पोहणार, मोठी माणसं आडवी पडणार, कुठंही फिरायचं नाही, अशा सुट्टीला नोंगसा छान. हांग नादिम विमानतळही याच बाजूला आहे. सिंगापुरातल्या बऱ्याच जणांच्या हे लक्षात येत नाही की बातामहून जकार्ता, मेदान, योग्यकर्ता अशी देशांतर्गत विमानं मिळतात, आणि कधीकधी ती चांगीहून थेट जाण्यापेक्षा खूप स्वस्त पडतात. योग्यकर्ताजवळचा बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप बघायला जाणाऱ्यांनी हा रस्ता जरूर तपासावा.

बातामला जाऊन मॉलच्या बाहेर न पडता परत येणारी माणसं बघितली की मला वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ठरवून बारेलांगच्या पुलांवरून दक्षिणेकडं जा. बाताम, रेम्पांग, गालांग या तीन बेटांच्या नावांतली अक्षरं जोडून ते नाव झालंय. एकूण सहा पूल. शेवटी गालांगला १९७९ ते १९९६ या काळात व्हिएतनामहून होड्यांतून निसटलेल्या निर्वासितांची छावणी होती. त्यांच्यातल्या काही होड्या अजून तिथं ठेवलेल्या आहेत. आपण ज्या समुद्रातून एसीत बसून तासाभरात आलो, त्याच समुद्रातून ही माणसं उघड्या होडीत आली होती. त्या होडीच्या फळीवर हात ठेवला तेव्हा माझी मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. हे बघायचं असेल तर बाताम सेंटर धक्का सोयीचा, आणि पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

आता बिंतान. हे बातामहून मोठं बेट आहे, आणि इथं धक्का चुकला तर चूक जास्त महागात पडते.

बंदर बेंतान तेलानी, सगळे बीबीटी म्हणतात, हा उत्तरेच्या लागोई भागातला धक्का. बिंतान रिसॉर्ट फेरीजच्या बोटी तानाह मेराहहून इथं तासाभरात येतात. इथून रिसॉर्टांचा एक राखीव पट्टाच सुरू होतो. रस्ते स्वच्छ, किनारे सुंदर, जेवण महाग. हॉटेलचा पत्ता 'लागोई' किंवा 'बिंतान रिसॉर्ट्स' असेल तर इथंच उतरायचं.

तांजुंग पिनांग हे दक्षिणेकडचं, रिआऊ बेटं प्रांताच्या राजधानीचं गाव. मलयमध्ये तांजुंग म्हणजे भूशिर आणि पिनांग म्हणजे सुपारी. सुपारीचं भूशिर! श्रीवर्धनच्या माणसाला तिथं परकं कसं वाटेल? तानाह मेराहहून इथं यायला दोन तास लागतात, बोटी मोजक्या असतात, आणि पर्यटकांपेक्षा आपल्या घरी निघालेली इंडोनेशियन माणसंच जास्त असतात. मला विचाराल तर या सगळ्या मार्गांत माझा सगळ्यात आवडता हाच.

कारण धक्क्यावरून बाहेर पडून पाच मिनिटं चाललं की छोट्या लाकडी बोटी लागतात. त्यांना पोंपोंग म्हणतात. इंजिनाचा आवाजच तसा आहे. वर छप्पर, दोन्ही बाजूंना बाकं, भरली की सुटते. पंधरा मिनिटांत पेन्येंगात बेटावर. तिथं पिवळीधमक मशीद आहे, १८३२ मध्ये तिनं आजचं रूप घेतलं, आणि तिच्या चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घातला होता असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. आपल्या गडांच्या बांधकामात गूळ घातल्याच्या गोष्टी सांगतात ना, अगदी तसंच. त्याच बेटावर राजा अली हाजींची कबर आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मलय भाषेचं व्याकरण लिहिलं, आणि या रिआऊ-जोहोरच्या मलयवरूनच पुढं इंडोनेशियाची राष्ट्रभाषा घडली. आपल्याकडं दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण लिहिलं तेच हे शतक. भाषेला ते 'बाहासा' म्हणतात. फॉर्मवर नावाच्या रकान्यात 'नामा' लिहिलेलं असतं. संस्कृत किती लांबवर पोहोचलं होतं, हे अशा एका शब्दानं कळतं.

तर: लागोईचं हॉटेल घेऊन तांजुंग पिनांगची बोट पकडू नका, किंवा उलटही करू नका. पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिकोराच्या साध्या, स्वस्त किनाऱ्यांवर राहणार असाल तर हॉटेलवाल्याला आधी विचारा, "न्यायला कुठल्या धक्क्यावर याल?" आणि त्या उत्तरावर तिकीट काढा.

तीन-चार दिवस हाताशी असतील तर एक त्रिकोणी मार्ग मी आवर्जून सुचवते. सिंगापूरहून बाताम, मग बातामच्या तेलागा पुंगुर धक्क्यावरून देशांतर्गत बोटीनं बिंतान, आणि बिंतानहून थेट सिंगापूर. पुंगुरहून तांजुंग पिनांगला तासभर लागतो. तांजुंग उबानला गेलात तर स्पीडबोट पंधरा-वीस मिनिटांत सोडते. दोन्ही बेटं एकाच देशात असल्यानं व्हिसा एकच पुरतो, पाच लाखांत दोन बेटं होतात. यासाठी सिंगापूरची दोन्ही तिकिटं एकेरी काढावी लागतात, जाऊन-येऊनची सवलत मिळत नाही. तरी फायदाच आहे.

तिसरी पायरी: सिंगापूरचा धक्का आपोआप ठरतो

उतरायचं ठिकाण पक्कं झालं की चढायचं ठिकाण फारसं हातात राहत नाही. बाताम सेंटर, हार्बर बे, सेकुपांग यांच्यासाठी मुख्यतः हार्बरफ्रंट. नोंगसापुरा आणि बिंतानसाठी तानाह मेराह फेरी टर्मिनल.

हार्बरफ्रंटला एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं, थेट पोहोचता येतं. नॉर्थ ईस्ट आणि सर्कल, दोन्ही लाइन तिथं मिळतात. लिटल इंडियात राहणाऱ्यांना तर एकच गाडी. हार्बरफ्रंट सेंटरच्या इमारतीचा पुनर्विकास जाहीर झालेला आहे, तेव्हा तिकिटावर टर्मिनलचा जो पत्ता येईल तोच शेवटचा धरा, जुन्या आठवणीवर जाऊ नका.

तानाह मेराहची गंमत वेगळी. तानाह मेराह म्हणजे लाल माती. हे कळलं तेव्हा मला एकदम कोकणात गेल्यासारखं वाटलं होतं. पण त्याच प्रेमापोटी पहिल्या वेळी मी तानाह मेराह एमआरटी स्टेशनवर उतरले आणि समुद्र शोधत राहिले. फेरी टर्मिनल स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर नाही. तिथून ३५ नंबरची बस घ्यावी लागते, नाहीतर टॅक्सी. सकाळच्या बोटीला, सामान आणि मुलं घेऊन, सरळ घरूनच टॅक्सी करा.

चौथी पायरी: समुद्राचा स्वभाव

बातामचा बराचसा मार्ग बेटांच्या आडोशानं जातो, पाणी बहुतेक वेळा शांत असतं. बिंतानचा मार्ग पूर्वेला, सामुद्रधुनीच्या मोकळ्या तोंडाकडं सरकतो. तिथं दक्षिण चीन समुद्राच्या लाटा येतात. नोव्हेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत ईशान्य मोसमी वाऱ्यांचे दिवस असतात, आणि त्यातही डिसेंबर-जानेवारीत बिंतानची बोट चांगलीच हलते. ज्यांना बोट लागते त्यांनी नाताळच्या सुट्टीत बिंतानऐवजी बाताम निवडावं, आणि बिंतान मार्चनंतर ठेवावं. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात पहाटे-सकाळी कधीकधी सुमात्राकडून वादळी पावसाचा पट्टा येतो, तासा-दोन तासांत निघूनही जातो. त्या दिवशी फेरी उशिरा सुटली तर घाबरू नका.

बोट लागणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर, मध्यापासून थोडं मागं बसावं. पुढच्या टोकाला आपटणं जास्त जाणवतं. भारतातून आणलेली अव्होमिन घेणार असाल तर निघायच्या एक-दोन तास आधी घ्या. बोट हलायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. मुलांसाठी डॉक्टरांना विचारूनच. मी स्वतः आलेपाकाच्या वड्या बरोबर ठेवते, आणि निघायच्या आधी पोट रिकामं ठेवत नाही, गच्चही भरत नाही. आतल्या हॉलमध्ये एसी कडाक्याचा असतो, एक शाल हवीच.

बोटीला वरचा उघडा डेक असेल आणि समुद्र शांत असेल, तर थोडा वेळ वर जा. हार्बरफ्रंटहून सुटताना डोक्यावर सेंटोसाला जाणाऱ्या केबल कार दिसतात. मग एकदम बेटं मागं पडतात आणि जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक समोर येतो. कंटेनरनं लादलेली, दहा-बारा मजली इमारतीएवढी जहाजं एकामागोमाग एक, आणि आपली छोटी बोट त्यांच्या रांगेतून वाट बघून आडवी पलीकडं निघते. एकदा आमचा खलाशी हातातला चहा तसाच धरून थांबला होता. जहाज पुढं सरकलं, त्याची लाट आमच्याखालून गेली, आणि मग त्यानं घोट घेतला.

पाचवी पायरी: घड्याळ आणि तिकीट

बाताम आणि बिंतान सिंगापूरच्या एक तास मागं आहेत. वेळापत्रकात प्रत्येक धक्क्याची स्थानिक वेळ असते. सकाळी ८:४०ला सिंगापूरहून निघालात तर तासाभरानं बातामला पोहोचता तेव्हा तिथं ८:४०च वाजलेले असतात. जाताना तास हाती आल्यासारखा वाटतो, आणि येताना तोच तास जातो. संध्याकाळी ५ ची बोट बातामहून पकडलीत तर सिंगापुरात उतरताना ७ वाजलेले असतात. माझ्या दिरानं भारतात परतायचं रात्री ९ चं विमान आणि बातामची ५ ची बोट असा बेत केला होता. इमिग्रेशन, हार्बरफ्रंटहून चांगी, विमानाचं चेक-इन, हे सगळं दोन तासांत बसेना. विमान गेलं. ज्या दिवशी भारताचं विमान आहे, त्या दिवशी फेरी नको.

बाताम फास्ट, सिंदो, मॅजेस्टिक, होरायझन अशा कंपन्या या मार्गांवर चालतात. तिकीट बघताना जाऊन-येऊनची एकूण रक्कम बघा. टर्मिनलचं शुल्क, इंधनाचा अधिभार आणि परतीच्या धक्क्याचं शुल्क यांत धरलंय का ते वाचा, नाहीतर स्वस्त दिसणारं तिकीट शेवटी तेवढंच पडतं. एका कंपनीचं परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीच्या बोटीवर चालेलच असं नाही. म्हणून दिवसभरात जास्त फेऱ्या असणारी कंपनी घेतलेली बरी. परतीची वेळ मोकळी ठेवलेलं तिकीट असेल तर बातामला उतरल्या उतरल्या काउंटरवर जाऊन परतीची जागा पक्की करून घ्या. रविवारी दुपारनंतर ती मिळत नाही.

त्या दिवशी

शनिवारी सकाळी धक्क्यावर दीड तास आधी, एरवी तासभर आधी. पलीकडं उतरल्यावर ई-व्हिसा नसेल तर आधी व्हिसाचा काउंटर, मग इमिग्रेशनची रांग. बोट लागली की सगळे एकदम धावतात, त्यामुळे घरातल्या एकानं पुढं होऊन रांग धरावी. सामान हातातलंच ठेवा. बोटीत वेगळं दिलेलं सामान यायला वेळ लागतो.

थोडे रुपिया रोख हवेतच. लाल रंगाची एक लाखाची नोट सगळ्यात मोठी, तिच्यावर सुकार्नो आणि हाता आहेत. शून्यं मोजूनच नोट द्या.

शाकाहारी असाल तर तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू आणि गाडो-गाडो (दाण्याच्या चटणीतल्या भाज्या) यांवर छान निभतं. पण सांबल या मिरचीच्या ठेच्यात आणि गाडो-गाडोच्या दाण्याच्या चटणीतही बहुधा सुकवलेल्या कोळंबीचा मसाला असतो, त्याला तेरासी म्हणतात. "तान्पा तेरासी" म्हणजे तेरासी न घालता. हे दोन शब्द पाठ करा. मासे खाणाऱ्यांनी बातामला गोंगगोंग नावाच्या समुद्री गोगलगाई जरूर खाव्या. काडीनं ओढून काढतात आणि तिखट चटणीत बुडवतात, आपल्याकडच्या कालवं-तिसऱ्यांची चव ओळखीची असलेल्याला आवडतीलच.

परतताना

सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड समुद्रमार्गे येणाऱ्या सगळ्यांना भरावं लागतं, पासधारकांनाही. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, फुकट. मी ते घरून निघतानाच भरते.

४८ तासांपेक्षा कमी वेळ बाहेर राहिलात तर करमुक्त दारू आणता येत नाही. सिगरेटला सूट अजिबात नाही, एकही पाकीट असेल तर कस्टम्सच्या लाल मार्गिकेत जाऊन सांगायचं. व्हेप आणि च्युइंगगम आणूच नका. आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसलेलं: एम्प्लॉयमेंट पास, डिपेंडंट पास, स्टुडंट पास असलेल्यांना परदेशातून आणलेल्या नव्या वस्तूंवर जीएसटीची सवलत मिळत नाही. ती नागरिकांना, पीआरना (कायम रहिवाशांना) आणि पर्यटकांना आहे. नागोयात मोठी खरेदी करणार असाल तर ९ टक्के धरूनच भाव बघा, आणि पावत्या जपून ठेवा.

शेवटची बोट कधीच ठरवू नका, तिच्या आधीची ठरवा. ती चुकली तर शेवटची हाताशी असते. रविवारी तर मी त्याच्याही आधीची घेते. दुपारी तीनच्या सुमाराची बोट रिकामी असते, मुलं बसल्या जागी झोपतात, आणि सिंगापूरला पोहोचून घरी जाऊन आमटी-भात टाकायला वेळ मिळतो.